गेरूच्या दुखण्याची चौकशी

माझे सासरे ज्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबतील, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पेणच्या स्टँडवर रोह्याची एसटी समोर उभी असली, पाटीवर 'रोहा' असं ढळढळीत लिहिलेलं असलं, तरी ते आधी चहावाल्याला विचारत, मग कंडक्टरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला. तिघांनीही रोहाच म्हटलं की मगच पिशवी मांडीवरून खाली ठेवत. माझं स्थळ सांगून आलं तेव्हा तर ते एकटेच रोह्याला येऊन आमच्या आळीतल्या किराणावाल्याला, गिरणीवाल्याला विचारून गेले, आणि जाताना नळावर पाणी भरत असलेल्या एका मुलीलाही त्यांनी विचारलं, की अमक्यांची लेक कशी आहे हो. ती मुलगी मीच होते. मी 'बरी आहे' म्हटलं. लग्नानंतर हा उलगडा झाला तेव्हा त्यांना जरासुद्धा ओशाळल्यासारखं झालं नाही. म्हणाले, "तुझा उत्तर धरलाच नाय मी. बाकीच्यांनी बरी सांगितली म्हणून व्हय म्हटला."

पेणजवळच्या जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात प्लास्टरची पोती, साचे आणि वैशाखापासून भिंतीला टेकून उभे असलेले पांढरे गणपती. मूर्तींचे डोळे बाबा, म्हणजे सासरे, स्वतः रंगवायचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी डोळ्यांची आखणी कुणाची नव्हती, हे सगळे सांगत. म्हणजे सगळ्यांना विचारूनच त्यांनी ते पक्कं करून घेतलेलं होतं. तरीही एक डोळा झाला की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून विचारायचे, "डावा बघतोय ना रे बरोबर?" एकदा दारावर मासळी घेऊन आलेल्या आगरी बाईनं कंटाळून सांगितलं, की डावा बघतोय पण उजवा तुमच्यावर रागावलाय. बाबांनी उजवा पुसला आणि पुन्हा काढला. सासूबाई म्हणायच्या, ह्या माणसाला आमटीतलं मीठसुद्धा चार घरांत वाटी फिरवून कळतं.

या माणसानं कुणालाही न विचारता केलेली एकच गोष्ट म्हणजे गेरू. हमरापूरच्या रस्त्यावर पावसात भिजलेलं तांबूस पिल्लू त्यांनी सदऱ्यात घालून आणलं आणि कामाच्या गोणपाटावर ठेवलं. तेव्हापासून कुत्रा शेडमध्ये आणि बाबा कुत्र्याच्या तैनातीत. दुपारी मी भाकरी घेऊन गेले की बाबा साच्यात प्लास्टर ओतत असायचे. हात कोपरापर्यंत पांढरे, त्याच्यावर वाळलेले पापुद्रे. भाकरी उघडली की ते पहिला तुकडा मोडून गेरूला भरवायचे, गेरू तो गिळून हात चाटून चाटून साफ करायचा, आणि मग बाबा साबणानं हात धुवून, नखं कोरून स्वतः जेवायला बसायचे. मी नवी असताना म्हटलं होतं, आधी हात तरी धुवा. तर म्हणाले, मुक्या जनावराला ताटकळत ठेवून आपण हात धूत बसायचं, ही कुठली रीत? मला ते फार आवडलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचंच मला सगळ्यात जास्त दुःख झालं.

अकरा वर्षं हे असंच चाललं. त्या वर्षी गणपती गेले, शेड रिकामी झाली आणि गेरूनं अन्न सोडलं. खाल्लेलं उलटायचं, पोट फुगलेलं, दिवसभर गोणपाटावर पडून असायचा. बाबांची चौकशी सुरू झाली. पेणच्या एका गुरांच्या डॉक्टरानं जंत म्हटलं. कंडक्टरनं उंदराचं औषध खाल्लं म्हटलं. मासळीवालीनं काटा अडकला म्हटलं. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली आणि सासूबाईंनी ती मिरच्या जास्त जळल्या म्हणून पुन्हा काढली. वाडीवरचा एक कातकरी म्हातारा आमच्याकडे पोती वाहायला यायचा. तो कुणी न विचारता गेरूजवळ बसला, पोटावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "आत कडक हाय. खडं खाल्लान ह्यानं." बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. माझ्या हातची भाकर खाणारा कुत्रा खडं कशाला खाईल, म्हणाले. सगळ्यांची औषधं मात्र त्यांनी ओळीनं दिली. आमचे हे कंपनीतून शिफ्ट संपवून आले की रोज बापाशी भांडायचे, की एकाचं तरी धड पुरतं करा. घरात दोन वेळचं जेवणही कुणाला गोड लागत नव्हतं.

शेवटी माझ्या भावानं निरोप धाडला, की रोह्याला एक डॉक्टर आलेत, ते जनावरांच्या पोटाचे फोटो काढतात. गणपती पोचवणारा टेम्पो होता, त्यात पेंढा अंथरून गेरूला निजवलं. बाबा सवयीनं ड्रायव्हरला सांगत होते, सावकाश, मूर्ती हाय. वाटेत गडब गावात त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि दुकानदाराला गेरू दाखवून विचारलं, वाचेल काय. दुकानदार बिचारा काय सांगणार? त्यानं बिस्किटाचा पुडा दिला.

फोटो काढला तेव्हा बाबा आत नव्हते. बाहेर एक शेतकरी बकरी घेऊन बसला होता, त्याला ते बकरीला काय झालं होतं, कुणी काय दिलं, ते विचारत होते. म्हणून डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला. पोटात पांढरे गोळे दिसत होते. कुत्रा चुना, प्लास्टर असं काही खातो का, त्यांनी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा तो पापुद्र्यांचा हात आला. थोडं थोडं जाऊन वर्षानुवर्षं साठलंय, म्हणाले. ऑपरेशनला या वयात टिकणार नाही. मी बाहेर आले तर बाबा उभेच होते. काय म्हणाला डॉक्टर? मी म्हटलं, म्हातारपण आहे बाबा, दुसरं काही नाही. खोटं बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पण मी कुणाशी खोटं बोलतेय, हे मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी ब्रश आणायला पेणला जातो म्हणून बाबा निघाले आणि पॅसेंजरनं थेट रोह्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. दिवेलागणीला परतले. मी तांदूळ निवडत होते. ते चपला न काढताच ओटीच्या कडेला बसले.

"सांगितला मला डॉक्टरनं. तू का नाय सांगितलास गो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आकरा वरसा," ते हातांकडे बघत म्हणाले, "माझा हात खाल्लान त्यानं."

मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक होतं बाबा, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

गेरू त्यानंतर चारच दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातळ पेज करून शेडमध्ये नेली. बाबांनी हात धुवायला घेतले. साबण लावला, काथ्यानं घासले, नखं कोरली, पुन्हा साबण लावला. असं तीनदा. हात लालभडक झाले होते. मग बोटं पेजेत बुडवून त्यांनी गेरूच्या तोंडाशी धरली. गेरूनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. आणि तोंड फिरवलं.

"वळखीत नाय गो मला," बाबा म्हणाले.

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि उठून शेडच्या दारात जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. समोर कापणीला आलेली भातं होती. मी बोटानं गेरूच्या ओठांना पेज लावत राहिले. ती जबड्यावरून ओघळून गोणपाटात जिरत होती.

"घेतोय काय?" दारातून त्यांनी विचारलं.

"घेतोय बाबा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मागे वळूनही पाहिलं नाही.