गादीवाल्याच्या मोबाइलमधले फोटो

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन मी. अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळली, तेव्हा ही मोठी माणसं काय जड जाणार, असं मला वाटायचं.

उत्तरेत अतिरेकी हल्ला झाला त्या दुपारी बातम्या बघताना मी रडले. ग्रुपवरही आधी मेणबत्त्याच आल्या. चहाच्या वेळेपर्यंत मात्र सगळे सेनापती! अकोल्यात ज्यांना विचारल्याशिवाय बायकोचं माहेर सापडत नाही, ते सीमेचे नकाशे टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातल्या रिटायर्ड साहेबांनी आठवड्यापूर्वी खिडकीतून काढलेला एक फोटो टाकला. दाढीवाला माणूस, मोबाइल आमच्या फाटकावर रोखलेला. खाली लिहिलं, 'हा घरांचे फोटो काढून राहिला होता.' धडाधड अंगठे आले. 'आला की धरा,' असंही एकानं लिहिलं. पहिला अंगठा आमच्या ह्यांचा!

"डोळे फुटले का तुमचे? आपला गादीवाला आहे हा!"

तो अचलपूरचा. थंडीच्या तोंडावर जुन्या गाद्या टेम्पोत घालून नेतो, कापूस पिंजून नव्या खोळीत भरून आणतो. त्याला वाचता येत नाही. म्हणून कोणती गादी कोणाची हे कळायला गादीसोबत त्या घराच्या फाटकाचा फोटो काढतो. कॉलनीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक. पण गाद्या देतात बायका, आणि ग्रुपवर बोलत होते पुरुष.

त्याच दिवशी तो गाद्या परत आणणार होता. मी फोन करून त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, लोकायच्या गाद्या माह्यापाशी हायेत. थंडी पडून राहिली. येतो मी."

मी ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं केलं आणि माझ्या आवाजात निरोप टाकला, "गादीवाला येऊन राहिला. ज्याले धरायचं त्यानं आधी मले धरावं. मी फाटकात उभी हाओ."

टेम्पो आला. बायका बाहेर आल्या, साहेबही आले. कोणाची हिंमत झाली नाही. मी अगदी ताठ उभी होते.

"साहेबांची गादी कोणती रे?"

"फोटो सारे मिटवले, बाई," तो हळूच म्हणाला. "रस्त्यात कोणी मोबाइल पाहला असता तं?"

नव्या खोळीत सगळ्या गाद्या सारख्याच दिसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घाबरू नको," मी म्हटलं, "काढ पुन्हा फोटो. माझ्या फाटकापासून सुरू कर."

त्यानं मोबाइल खिशातून काढलाच नाही.