चांदीची कडी

"शी!" हा आमच्या डॉक्टरीणबाईंचा ठेवणीतला शब्द. नाक मुरडून, ओठांचा एक कोपरा खाली ओढून त्या तो असा काही उच्चारत, की समोरच्याने गुपचूप स्वतःचा सदरा हुंगून बघावा. कल्याणात त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी तिथे नर्स होते.

रक्त, पू, उलटी यांची त्यांना कधी किळस आली नाही. किळस यायची ती नातेवाइकांची. तुम्हीही असे नातेवाईक पाहिले असतील. "पुन्हा मुलगीच?" म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या एका सासूला बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही कोण म्हणून जन्मलात?"

एका दुपारी शहाडहून टांग्यातून एक पेशंट आली. पांढरीफटक, नाडी लागेना. सोबत नवरा, कुठेसा कारकून. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

"दिवस गेलेत का?" बाईंनी विचारलं.

"शक्यच नाही. मी बंदोबस्त केलाय."

मुंबईच्या कुणा डॉक्टरकडून त्याने बायकोच्या गर्भाशयात चांदीच्या तारेची कडी बसवून घेतली होती, मूल राहू नये म्हणून. तिला मात्र कंबरदुखीचा इलाज म्हणून सांगितलं होतं.

"रक्त लागेल. तुमचं तपासते."

"माझं? छे! अशक्तपणा येईल. ऑफिस असतं मला."

"शी!" म्हणून बाई आत गेल्या.

पोट उघडलं तर आत रक्ताचं तळं. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. कडी तर गर्भाशयाला भोक पाडून आतड्यांपाशी जाऊन बसली होती. बाईंनी नळी बांधली. मग पोटातलंच रक्त वाटीने काढून, फडक्यातून गाळून बाटलीत भरायला लावलं आणि तेच तिच्या शिरेत सोडलं. हळूहळू नाडी बोटाला लागली.

बाहेर नवऱ्याने ट्रेमधली कडी पाहिली. "चांदीची आहे ना? धुऊन द्या. परत बसवता येईल."

बाईंनी ट्रे उचलून आत नेला. त्यांच्या तोंडून 'शी'सुद्धा निघालं नाही.

टाके निघाल्यावर त्यांनी खाटेवर बसून तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं?" तिने विचारलं.

"हो गं."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "मला आंबिवलीला आईकडे जायचंय. मुलांना भावाने तिकडेच नेलंय."

नवरा न्यायला आला होता. "घरी जेवणाचे हाल चाललेत," म्हणाला. बाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं आणि टांगा बोलावून तिला आईकडे सोडायला आम्ही दोघी निघालो. ती शहाडला परत कधीच गेली नाही.

डॉक्टरीणबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आठवण निघाली की मला तो टांगा दिसतो. रस्ता खडबडीत. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या बाई टांगेवाल्यावर ओरडतायत, "अरे, हळू हाक! आत माणूस आहे!"