फाटकाची चावी कोणी घेईना

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे म्हणून तर उघडत नाही."

हे भांडण मी सज्जात शेंगा सोलताना ऐकलं. समोर सरकारी शाळा. फाटकाबाहेर नगरसेवक स्त्रातोस, आत राखणदारीण पोलिक्सेनी. स्त्रातोसच्या भावाचा काडीमोड झालेला, कोर्टाने पोरगी आईकडे दिलेली. तिला हा काका मधल्या सुट्टीतच उचलून न्यायला आलेला.

हेडमास्तर खाली आले. "अहो बाई, उघडा की! नगरसेवक आहेत ते."

"उघडते. तुम्ही सांगितलंत म्हणून उघडलं, एवढं लिहून द्या, मास्तर."

मास्तर जे जिना चढून गेले, ते घंटा होईपर्यंत दिसले नाहीत. फाटक बंदच राहिलं.

कायदा मला पोलिक्सेनीनेच सांगितला. भिंत नि फाटक नगरपालिकेचं, आतली मुलं हेडमास्तरांची, बाहेरचा रस्ता पोलिसांचा. तिने फक्त फाटक सांभाळायचं. कोणी घुसलाच तर त्याला हात लावायचा नाही, फोन करायचा.

"म्हणजे कुत्रा राखणीला ठेवायचा आणि तोंड बांधायचं!" मी म्हणाले.

"कुत्र्याला जेवण तरी वेळेवर मिळतं गं," ती म्हणाली.

मग अथेन्सहून हुकूम आला, राखणदारांच्या जागाच रद्द. पोलिक्सेनी चावी परत करायला गेली. नगरपालिका म्हणाली, "मुलं हेडमास्तरांची, त्यांना द्या." हेडमास्तर म्हणाले, "फाटक नगरपालिकेचं. मी चावी घेतली आणि उद्या काही झालं तर?" पोलिसांनी कॉफी पाजली, चावीकडे पाहिलंसुद्धा नाही. कायदा सगळ्यांना तोंडपाठ. एवढ्या शिकलेल्यांत चावी धरायला एक मूठ मिळेना!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायला हीच हजर. पगार नाही, काही नाही.

मी सज्जातूनच ओरडले, "अगं, फुकट कशाला राबतेस? राहू दे उघडं, येऊ देत शुद्धीवर!"

"ते शुद्धीवर येईपर्यंत एखादं पोर गाडीखाली जाईल, त्याचं काय?"

मी शेंगांवर राग काढला.

दर सप्टेंबरात शाळा सुरू होताना पाद्री तुळशीच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडायचा, आणि महापौर भाषण करायचे, मुलांची सुरक्षा ही आमची पवित्र जबाबदारी. त्यांची गाडी आत यावी म्हणून फाटक धरून उभी कोण? पोलिक्सेनी. आभारांत फुलवाल्याचंसुद्धा नाव, हिचं नाही. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

अशी वर्षं गेली. पोलिक्सेनीचे गुडघे गेले. थेस्सालोनिकीच्या इस्पितळात जायचं ठरलं, तेव्हा ती पुन्हा चावी घेऊन नगरपालिकेत गेली. "साहेब रजेवर आहेत," म्हणाले. त्या इस्पितळातून ती परत आली नाही.

जायच्या आदल्या दुपारी मी सज्जातच होते. तिने संडासांत डोकावून कोणी पोर राहिलं नाही ना पाहिलं, विसरलेला एक मफलर गजाला बांधला, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी एप्रनच्या खिशात टाकली.