जागेवर उभी राहिलेली लाट

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधलं आमचं घर आईच्या डब्यांवर चालायचं. सुधीरदादानं दहावीनंतर शाळा सोडली आणि लग्नातल्या बँडवाल्यांचे बिघडलेले अँप्लिफायर दुरुस्त करायला लागला. म्हणून मी कॉलेजात गेले. घरातली पहिली पदवी माझी, हे मी आजही छाती ठोकून सांगते. पण ती मिळवली दोघांनी.

गेल्या महिन्यात दादा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही... भेटायला येणारे विचारतात, तो वाजवायचा तरी काय?

दुरुस्तीला आलेली एक गिटार कोणी परत न्यायलाच आलं नाही, ती त्याच्याकडे राहिली. मग इंटरनेटवर त्याला सर्फ रॉक सापडलं. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं संगीत. गिटारचा आवाज ओला, थरथरता. दादानं समुद्र पाहिलेला नव्हता. त्याची लाट म्हणजे भेडाघाटच्या वाटेवर नर्मदेत खडकापाशी उठते ती. पाणी पुढे निघून जातं, लाट तिथेच उभी. दोन मित्रांना घेऊन त्यानं अख्खा अल्बम तसाच बांधला. सूर चढतो, थरथरतो आणि जागच्या जागी फिरत राहतो.

एका कंपनीनं तो आधी इंटरनेटवर टाकला, त्याची तबकडी मागाहून निघणार होती. अल्बमवर परीक्षणं आली. मुंबईच्या एका समीक्षकानं लिहिलं की यातली लाट किनाऱ्याला येतच नाही, या माणसानं समुद्र पाहिलेला दिसत नाही. बंगळुरूच्या एका बाईंना नेमकं तेच नवं वाटलं. मी इंग्रजीतून वाचायचे आणि आईला मराठीत सांगायचे.

"काहून रे, तुझी लाट किनाऱ्याला नाही येत?" पोळी भाजता भाजता आईनं विचारलं.

"लाट कुठं जाते का, आई? जागेवरच तर राहते."

"मग तो माणूस काहून बोंबलून राहिला?"

"तेच तर समजून नाही राहिलं!"

तेवढ्यात त्या कंपनीचा निरोप आला. गाण्यांचे शेवट बदलून द्या, मगच तबकडी काढू. चूक असली तर सुधारायला दादा तयार होता. आधी ती चूक त्याला डोळ्यांनी पाहायची होती. आम्ही दोघं पुरीला समुद्रावर गेलो. पँट दुमडून तो पाण्यात उभा राहिला. लाटा पाहता पाहता ओरडला, "अरे, ही तर चालते! बेटा, ही तर चालत येऊन राहिली!" हसता हसता वाळूत बसला.

चहाच्या टपरीवर मी विचारलं, "मग, बदलणार?"

"मुंबईवाला खरं बोलला गं. माझ्या गाण्यात समुद्र नाहीच." कप खाली ठेवून म्हणाला, "पण मी पाहिलं तेच वाजवलं ना? खोटं कुठं वाजवलं?"

परत येऊन त्यानं शेवटांना हात लावला नाही. मुखपृष्ठावरचा समुद्र तेवढा काढून तिथे नर्मदा लावायला सांगितली. इंटरनेटवर तेवढं बदलून कंपनीवाले रुसले, पुष्कळ दिवस बोलले नाहीत. पण नवं मुखपृष्ठ पाहून त्या मुंबईच्या समीक्षकानं अल्बम पुन्हा ऐकला आणि पुन्हा लिहिलं. शेवट त्याला अजूनही आवडले नव्हते. मात्र लाटेनं यायलाच हवं हे कोणी ठरवलं, असं तो आता स्वतःलाच विचारत होता. दादा खूश. "चलो, विचारात तर पडला!"

त्या लेखानंतर कंपनीवाल्यांचा फोन आला. तबकडी निघाली, ती दादानं स्वतः हातात घेऊन पाहिली. त्यात एकही सूर बदललेला नाही.