माहिती देणारी: बहीण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच — ती जायच्या आदल्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही उद्या माझ्या दारात येऊन उभे राहणार नाही, म्हणून असेल.

मंदार माझा धाकटा भाऊ. डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवायचा, मुलं जीव टाकायची त्याच्यावर. सत्ताविसाव्या वर्षी आजारी पडला. ताप नाही, खोकला नाही — पलंगावरून उठेना, आंघोळ करेना, घास हातात घेऊन नुसता बघत बसायचा. शाळेतून फोन आला की मी सांगायचे, पोट बिघडलंय त्याचं. ते खोटं मी धरत नाही. तेवढं सगळेच बोलतात.

शेवटी मीच त्याला ठाण्याला नेलं, नौपाड्यात. डोंबिवलीत मनोविकाराचे डॉक्टर नव्हते असं नाही हो, पण जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं तर? माझं लग्न ठरलेलं. साखरपुडा झालेला, हॉल बुक झालेला. भाऊ जरा डाउन आहे, एवढंच सासरी माहीत होतं. डिप्रेशनचं त्यांना काही वाटत नव्हतं. सासूबाईच म्हणालेल्या, हल्ली कोणाला नसतं.

डॉक्टर वयस्कर, शांत. मंदारशी बोलून झाल्यावर त्याला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. म्हणाले, "पेशंटला आठवत नाही ते घरच्यांना आठवतं. याच्या अगदी उलट कधी झालं होतं का? झोप नाही तरी थकवा नाही, अखंड बोलणं, मोठमोठे बेत?"

झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, चांगले तीन आठवडे. तास-दोन तास झोपायचा आणि टवटवीत उठायचा. सोसायटीचा चार मजल्यांचा जिना त्याने कोणाला न विचारता एकट्याने पिवळा रंगवला. शेजारच्या काकांना उठवून सांगितलं, मी खाडीकाठी शाळा काढतोय, पोहता पोहता गणित शिकवणार. मग आम्ही त्याला गावी मामाकडे नेऊन ठेवलं, तिथे हळूहळू निवळला. परत आल्यावर तो विषय घरात कोणी काढला नाही. जिना मात्र पिवळाच राहिला, आणि रोज मी तो चढत होते.

हे सगळं डोळ्यांपुढे होतं — आणि मी काय म्हणाले? "नाही डॉक्टर. लहानपणापासून शांतच आहे तो."

मला कोणी पढवून पाठवलं नव्हतं. आईने शपथ घातली नव्हती. मला वाटलं, हे कागदावर आलं की ते नुसतं डिप्रेशन राहणार नाही, वेड होईल. आणि वेड्याच्या बहिणीला सून करून कोण घेतं? स्वतःपुरतं बघितलं मी. त्याच्यासाठी केलं असं म्हणायची सोय होती, पण तसं नव्हतं.

डॉक्टरांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. मी सांगितलेल्या आजाराला त्या बरोबर होत्या. पण ती उलटी बाजू आधी येऊन गेलेली असेल, तर नुसत्या तसल्या गोळ्यांनी माणूस कधी कधी पार वर जातो. म्हणून तर विचारत होते ते.

महिन्याभरात मंदारने दाढी केली, हसला. माझ्या लग्नात तर तो थांबेचना — नाचला, माईक घेऊन अर्धा तास बोलला, अनोळखी वऱ्हाड्यांना मिठ्या मारल्या. सगळे म्हणाले, किती छान सावरला. मी ओळखलं. शालू नेसून स्टेजवर उभी होते आणि मला तो पिवळा रंग दिसत होता. एक फोन करायचा होता डॉक्टरांना. केला नाही. म्हटलं, सासरची सत्यनारायणाची पूजा होऊ दे, मग बघू.

पूजेला बसले असतानाच फोन आला. भर दुपारी मंदार शीळफाट्यावर डंपरांच्या मधोमध उभा राहून वाहतूक सांभाळत होता, उघड्या अंगाने, पाढे म्हणत. लोकांनी व्हिडिओ काढला, तो त्याच्याच वर्गातल्या मुलांपर्यंत पोचला. एका टेम्पोची धडक बसली. डावा पाय आजही नीट टेकत नाही, आणि शाळेने त्याला परत घेतलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर स्वतः आले. आईला म्हणाले, "माझं चुकलं. मी अजून खोदून विचारायला हवं होतं." आईने त्यांना हात जोडले. मी पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

नंतर औषधं बदलली. आता मंदार स्थिर आहे, घरी चार-पाच मुलांच्या शिकवण्या घेतो. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करून मीच त्याला नौपाड्यात नेते. रिक्षात कधी कधी म्हणतो, "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" मी बाहेर बघते. काय सांगू त्याला? तुझा पाय असता, तुझा वर्ग असता?

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. फॉर्मवर खोटी माहिती दिसली की पोरांना झापते.

मागच्या वेळी रिसेप्शनवरच्या बाईंनी जुनी फाईल झेरॉक्सला माझ्या हातात दिली. पहिल्याच पानावर डॉक्टरांचं तिरकं इंग्रजी. माहिती देणारी: बहीण. पुढे माझं नाव. त्याखाली, पूर्वी असं काही नाही. आणि त्याखाली, माहिती विश्वासार्ह.

इतक्या वर्षांत कोणी ते खोडलेलं नाही. मी झेरॉक्स काढून फाईल परत दिली. बाहेर मंदार माझ्या चपला सरळ लावून, वाट बघत बसला होता.