बारा दिवसांचं पीठ

यादीत खाडाखोड झाली की मला चैन पडत नाही. सगळी नोकरी झेडपीच्या शाळेत हजेरी घेण्यात गेली, ती खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. न्हावऱ्यात लोक मला अजून बाईच म्हणतात आणि मी दिसले की जरा सरळ उभे राहतात. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

टाळेबंदी लागली तेव्हा बीडकडची ऊसतोडीची एक टोळी आमच्या शिवारात अडकली. तोड संपलेली, बाजार बंद, गावी जायला गाडी नाही. पाचटाच्या कोप्यांमध्ये बायामाणसं नुसती बसून होती. माझा भाऊ दौंडला रेल्वेत. त्यानं कॉलनीत वर्गणी काढून बाजरीची पोती पाठवली. मी ती दळूनच द्यायची ठरवलं.

गिरणीवाले आबा म्हणाले, "बाई, दानंच द्या. म्या दळून दीन ज्याचं त्याला. ह्या उन्हाळ्यात बाजरीचं पीठ आठ दिस टिकत न्हाई."

"आबा, मी काय आठ दिवस लावणार आहे का? उद्या-परवा वाटून मोकळी होते."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईनं जन्मात कधी आठवड्याच्या वर बाजरी दळून ठेवली नाही.

पण मग मी यादी करायला बसले. कोणाला सरकारी धान्य मिळालंय, कोणी दोनदा नाव घातलंय, दोघे भाऊ एका चुलीवर जेवतात की वेगळे, हे विचारायला मी तीनदा कोप्यांवर गेले. पीठ तोवर शाळेच्या पत्र्याच्या खोलीत, कुलपात, आणि किल्ली माझ्या कमरेला. असे बारा दिवस गेले. यादी मात्र अशी झाली की साहेबानं डोळे झाकून सही करावी.

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी टोळीतली एक बाई दारात आली. दोन लहान लेकरांची आई. फडक्यात भाकरी गुंडाळून आणली होती.

"बाई, पीठ कडू झालंय. लेकरं तोंडात धरनात."

माझं डोकंच फिरलं. उन्हातान्हात पायपीट मी केली, आणि हिला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय, असं वाटलं. "धर्माची गाय आणि दात का गं नाय, तशातली गत तुमची," मी म्हणाले. "खरी भूक लागली ना, की कडू-गोड काही कळत नाही."

"व्हय बाई," ती म्हणाली. भाकरी पुन्हा गुंडाळली आणि गेली.

एक तुकडा मोडून मी तोंडात टाकला असता तर तिथंच कळलं असतं. घरात ज्वारी होती, तांदूळ होते. मी ती भाकरी हातातसुद्धा घेतली नाही.

आठवड्याभरानं सरकारी गाड्या आल्या आणि टोळी गावाकडे गेली. शाळेची खोली झाडताना पिठाची एक पिशवी उरलेली सापडली. म्हशीला घाला म्हणून मी ती आबांना द्यायला गेले. आबांनी पिशवीत नाक घातलं आणि ती बाजूला सारली.

"म्हस बी तोंड लावायची न्हाई, बाई." मग म्हणाले, "ती दोन लेकरांची बाई आमच्याकडं यायची. भांडी घासायची, गोठा झाडायची, आन् वाटीभर जवारीचं पीठ न्यायची. लेकरांपुरतं. सोता तुमचंच खायची. म्या म्हनलं, बाईंना सांग की. तर म्हनली, सांगितलंय."

"आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाई."

मला त्यांच्याकडे बघवेना. पिशवी उचलून मी घरी आले. तिची माफी मागायची तर ती कुठल्या गावची, हे माझ्या यादीत होतं; पण आता तिच्यापुढे उभं राहायचं माझं धाडस नव्हतं.

तवा ठेवला आणि त्या पिठाची एक भाकरी थापली. भाजतानाच खवट वास घरभर झाला. ताटात दुसरं काही घेतलं नाही. पहिला घास कसाबसा गेला, दुसरा पाण्याबरोबर ढकलला. अर्धी भाकरीसुद्धा मला संपवता आली नाही. सकाळपासून पोटात नुसता चहा होता आणि दोन वाजून गेले होते. मला चांगली भूक लागली होती.