सासूबाईंचा उपास आणि माझा गुडघा

मला पळायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी माझा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, 'आपली प्रेरणा'. ही प्रेरणा रविवारी पहाटे उठते तेव्हा तिच्या टाचा जमिनीवर टेकत नाहीत. भिंत धरून ती बाथरूमपर्यंत जाते, आरशात बघायचं टाळते आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकली की 'आई गं' म्हणते. पन्नाशी ओलांडलेली, नौपाड्यातल्या एका ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारी बाई मी. रिक्षा डोळ्यांदेखत निघून गेली तरी मी कधी तिच्यामागे धावले नव्हते.

हे सगळं सुरू झालं माझ्या धाकट्या दिरामुळे. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत जायचा, त्याचा डबा मी भरायचे, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी झालंच नाही. त्याने लग्न केलं नाही. डोंबिवलीला सासूबाईंबरोबर राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाला. केमो, ताप, पुन्हा केमो असं चालू राहिलं, त्यात घरातल्या सगळ्यांची झोप उडाली, पण तो उठून बसला. त्याच्या वॉर्डात अशीही माणसं होती की ज्यांचे उपचार पैशांअभावी अर्धवट राहायचे. समोरच्या कॉटवरचा एकजण एका सकाळी पिशवी भरून गावाला निघून गेला, आणि दीर कितीतरी वेळ त्या रिकाम्या कॉटकडे बघत होता. मी शेजारी बसले होते. मला ते बघवलं नाही.

त्याच सुमारास वॉर्डातल्या रुग्णांसाठी पैसे जमवणाऱ्या एका ग्रुपबद्दल कळलं. काही महिने पळण्याचा सराव करायचा, ओळखीच्या माणसांना सांगायचं की मी एवढं अंतर पळणार आहे, तुम्ही रुग्णांसाठी काही द्या, आणि शेवटी मोठ्या शर्यतीत उतरायचं. नवऱ्याची कंबर कामातून गेलेली, म्हणून मी नाव घातलं.

पैसे मागणं पळण्यापेक्षा अवघड निघालं. लोक देतात, नाही असं नाही, पण सल्ल्यासकट देतात. "पळून कॅन्सर कसा गं बरा होणार?" असं एका मावशींनी विचारलं. ऑफिसातला एकजण म्हणाला, "मॅडम, पैसे आत्ताच घ्या, पण पळू नका, काहीतरी होऊन बसेल." त्याचं ऐकायला हवं होतं.

आता सासूबाई. मूळच्या तळकोकणातल्या. अख्खा जन्म डोंबिवलीत गेला तरी अर्धा जीव गावच्या देवीपाशी. सून तंग पँट घालून रस्त्यावर पळते हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सांगितलंच नव्हतं. दिराने सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, तिथेच मला शंका यायला हवी होती. पुढच्या खेपेला डोंबिवलीला गेलो तेव्हा चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "गाऱ्हाणं घातलंय हो मी देवीला."

त्यांनी गावच्या गुरवाला फोन लावला होता. त्याने फोन स्पीकरवर ठेवला आणि देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. लेकाचं दुखणं उतरू दे, थोरली सून त्याच्यासाठी पळते आहे, दर रविवारी ती पळून पोचल्याची खबर येईपर्यंत म्हातारी तोंडात काही घालणार नाही. देवळात होती नव्हती ती माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. मला विचारावं असं कुणालाच सुचलं नाही, ना गुरवाला, ना देवीला.

"आई, तुम्हाला शुगर आहे," मी म्हटलं.

"आहे ना. म्हणून तर. नाहीतर त्या उपासाला काय किंमत?"

मला राग आला. खरं सांगायचं तर अजूनही येतो. इतक्या वर्षांत माझी एकही गोष्ट त्यांनी आपली म्हटली नव्हती, आणि म्हणायची वेळ आली तेव्हा नेमकं हे उचललं.

आमच्या कोचचं एकच सांगणं असायचं, हळू पळा. लांबचा पल्ला असेल तर इतकं हळू, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बाकीचे गप्पा मारायचे. मुलांच्या ॲडमिशन, सोसायटीची भांडणं, सगळं घोडबंदर रोडवर व्हायचं. मी मात्र सुटायचे. कारण आठवड्यागणिक अंतर वाढत होतं, आणि अंतर वाढलं की तिकडे डोंबिवलीतला उपास लांबत होता. मी कासारवडवलीजवळ धूळ खात असायचे आणि डोळ्यांपुढे ओट्यावर झाकून ठेवलेला त्यांचा चहा. दिराने एकदा सांगितलं होतं की आईचे हात थरथरतात, तरी ती साखरेचा डबा जवळ येऊ देत नाही. मग पाय आपोआप भरभर पडायचे. पोचले की आधी फोन लावायचे, पाणी नंतर. "पोचले, आई," एवढं कसंबसं बोलायचे. पलीकडून काही क्षण काहीच यायचं नाही, मग "बरं, घेते आता" असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

व्हायचं तेच झालं. गुडघा सुजला. कोच वैतागला.

"मॅडम, किती वेळा बोललो तुम्हाला, स्लो जा. कसली घाई असते तुम्हाला?"

"सासूबाईंचा चहा राहिलेला असतो," मी म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. त्याने बर्फ लावायला सांगितलं.

सोमवारी ऑफिसात मी जिन्याऐवजी लिफ्टची वाट बघत उभी राहायचे, बुधवारपर्यंत पाय जरा माणसात यायचे, आणि शुक्रवारपासून पुन्हा रविवारचा धसका. घरात वरणभात आणि कुकर, फोनवर दिराचे रिपोर्ट. दमणं संपतच नव्हतं, एकावर एक साचत चाललं होतं.

युक्ती दिरानेच काढली. "वहिनी, ह्या रविवारी पळूच नको. नेहमीच्या टायमाला नुसता फोन कर. आईला काय कळतंय? तुझ्या गुडघ्याला आराम, तिच्या पोटाला आराम."

"आणि देवी?"

"देवीचं मी बघतो. पेशंट मी आहे ना?"

त्या रविवारी मी किती छान झोपले म्हणून सांगू. उठले, पलंगावरच उशीला टेकून फोन लावला. नेहमीपेक्षा थोडा आधीच, म्हटलं बिचाऱ्यांना लवकर खाऊ दे. "पोचले, आई. घ्या आता काहीतरी."

नेहमीसारखीच शांतता. मग त्या म्हणाल्या, "आज दम लागलेला नाही तुला."

"हळू पळाले आज."

"पळालीच नाहीस." आवाजात राग नव्हता. "ठेव. नाही घेत मी काही."

नवऱ्याला उठवलं, गाडी काढायला लावली. रविवार असूनही शीळफाट्याला गाड्या तुंबलेल्या. मी सगळा रस्ता भांडणाची तयारी करत होते. डोंबिवलीच्या त्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुखरा पाय ओढत तिसऱ्या मजल्यावर पोचले. दीर अंघोळीला गेला होता. सासूबाई ओट्याला धरून उभ्या होत्या, चहा तसाच झाकलेला.

"आई, पुरे झालं आता," मी म्हटलं. "माझा गुडघा गेलाय, तुम्ही एक दिवस चक्कर येऊन पडाल. मी पळते ती पैसे जमवायला. माझ्या पळण्याने हा बरा होणार नाहीये."

त्यांनी चहावरचं झाकण नीट केलं. मग बाथरूमच्या दाराकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "आजार कळायच्या आधी तो जिना चढून आला की इथे चौकटीला टेकायचा. धाप लागायची. मी म्हणायचे, पोट सुटलंय तुझं बसून बसून. मुद्दाम परत खाली पिटाळायचे. कोथिंबीर राहिली, लिंबू राहिलं. पांढराफटक दिसायचा गं, आणि मी हसायचे त्याला." पदराने ओटा पुसल्यासारखं केलं. "तेव्हा ऐकला नाही मी त्याचा श्वास. आता ऐकते. तुझाही कळतो मला."

भांडण कुठल्या कुठे गेलं. मी चपला घातल्या, खाली उतरले आणि बिल्डिंगभोवती पळायला लागले. पळणं कसलं, लंगडणं. नवरा गाडीला टेकून बघत होता. मग मी जिना चढून त्यांच्यासमोर धापा टाकत उभी राहिले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि चहा गरम करायला ठेवला.

शर्यत झाली. शेवटचा टप्पा मी चालतच गेले. जमलेले पैसे वॉर्डाला पोचले, मेडल आमच्या कपाटाच्या कडीला अडकलं. नवस संपला असं मी धरून चालले होते, आणि तसं सांगायलाच पुढच्या रविवारी डोंबिवलीला जेवायला गेले. मनात वाक्यही तयार होतं. आई, झालं आता, मी बूट देऊन टाकतेय.

पानं मांडायला घेतली होती. दीर श्रीखंड आणायला खाली गेला होता. त्याची नेहमीची रक्ततपासणी झाली होती, रिपोर्ट सोमवारी येणार होता. सासूबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. खाली त्याची चप्पल वाजली तशा त्या हातातली वाटी घेऊन दाराशी गेल्या, आणि मीही त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. पहिला मजला. दुसरा. दुसऱ्यावर तो थांबला. मग पुन्हा पावलं.

वर आला तेव्हा त्याला दम लागला होता. तीन मजले चढल्यावर कुणालाही लागतो, मलाही लागतो. "काय दोघी स्वागताला उभ्या?" तो हसत म्हणाला आणि श्रीखंडाचा डबा माझ्या हातात देऊन आत गेला. चौकटीला तो टेकला होता की नुसता हात लावला होता, ते मला नीट दिसलं नाही. सासूबाईंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"पुढच्या रविवारी लवकर पळायला निघते, आई," मी म्हटलं. "ऊन व्हायच्या आत फोन करते."

त्यांनी मान हलवली आणि पानं वाढायला घेतली.